दर उन्हाळ्यात झोआ मिटतात, लेदर कोरल बुडाशी सडतं: उपचार आणि मूळ

एप्रिल अर्धा सरला की माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले झोआ, म्हणजे दगडावर वसाहत करून राहणारे छोटे मऊ प्रवाळवर्गीय जीव, मिटायला लागायचे. आधी दगडाच्या डाव्या कडेचे पाच-सहा, मग आठवडाभरात अख्खी वसाहत. भिंग लावून पाहिलं तर तोंडाभोवतीची झालर आत ओढलेली, देठ आकसून दगडाला बिलगलेला, आणि काही देठांवर दुधावरच्या सायीसारखा पातळ पांढुरका थर. ड्रॉपरने हलकेच पाणी मारलं की तो थर चिंध्या होऊन सुटायचा आणि खाली पॉलिप (वसाहतीतला एकेक जीव) उरलेलाच नसायचा. त्याच सुमाराला शेजारचं लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारखं चिवट मऊ प्रवाळ, मान टाकायचं. त्याच्या बुडाशी, दगडाला टेकतं तिथे, काळपट खळगा पडायचा. बाहेर काढून नाकाशी नेलं की सडक्या मासळीचा वास यायचा.

सलग तीन उन्हाळे हे झालं. दर वेळी कापलं, औषधात बुडवलं, धुतलं. पावसाळ्यात जे उरलं ते जरा सावरलं आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा थोडं गेलं. तिसऱ्या वर्षी मूळ सापडलं, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांचं कोरल एकदाच आजारी पडलंय त्यांना उपचाराचा भाग पुरेल. ज्यांचं ठरावीक महिन्यांत परत परत पडतं त्यांनी त्यापुढचंही वाचा.

माझी टाकी नेरुळला, हॉलमध्ये. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड-वाळूची जागा वजा करून आणि खालचा सम्प (फिल्टरची दुसरी टाकी) धरून पाणी साधारण १५० लिटर. दोन क्लाउनफिश, काही गोगलगायी, झोआ, मश्रूम कोरल आणि एक हाताच्या पंजाएवढं लेदर.

कठीण सांगाड्याचं कोरल माझ्याकडे नाही आणि मी ते कुणाला घ्यायलाही सांगणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं आहेत. काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखेही त्यातच. वाघाचं नाव ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत ही आहेत. दुकानदार ‘छोटासा फ्रॅग (कापलेला तुकडा) आहे, चालतो’ म्हणाला तरी हात आखडता घ्या. मालवणच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवरूनही काही उचलून आणू नका. हाजी अलीला मोठ्या ओहोटीच्या वेळी गेलात तर खडकाच्या खाचेत झोआंची वसाहत उघडी दिसते. मुलांना घेऊन जा, वाकून बघा आणि तिथेच राहू द्या.

आधी खरंच आजार आहे का ते बघा

लेदर कोरल अधूनमधून कात टाकल्यासारखं वरचं मेणचट आवरण टाकतं. त्याआधी चार-आठ दिवस ते पॉलिप आत घेऊन चकचकीत, मलूल होऊन बसतं. नवखा माणूस घाबरतो आणि उचलून डिप देतो, म्हणजे औषधात बुडवतो. तसं करू नका. वेव्हमेकरचं (टाकीत प्रवाह खेळवणाऱ्या पंपाचं) तोंड थोडं त्याच्याकडे वळवा, पाण्याच्या जोराने आवरण सुटून जातं. आजार ओळखायचा तो तीन गोष्टींवरून: भाग मऊ पडतो, रंग काळपट-तपकिरी होतो, वास येतो. नुसतं मिटलेलं आणि चिवट लागतंय म्हणजे ते जिवंत आहे, थांबा.

रंग उडाला म्हणजे मेलं असंही नाही. कोरलच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्न पुरवतात. उष्णतेने किंवा एकदम वाढलेल्या प्रकाशाने कोरल ती बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. अशा वेळी मांस शाबूत असतं. प्रकाश कमी करून, पाणी स्थिर ठेवून ते परत येऊ शकतं. औषधात बुडवलं तर त्याच्यावर आणखी एक ओझं पडतं.

झोआंच्या बाबतीत किडे आधी शोधा. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन टाकीसमोर बसा. झोआ खाणारी एक बिनशंखाची गोगलगाय असते. ती ज्या रंगाचे झोआ खाते तोच रंग तिच्या पाठीवरच्या झालरींना येतो, त्यामुळे दिवसा ती मिटलेल्या पॉलिपसारखीच दिसते. तिची अंडी पांढऱ्या दोऱ्याच्या वेटोळ्यासारखी, बहुधा दगडाच्या खालच्या बाजूला. डिपने किडा मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून वेटोळं ब्लेडने खरवडायचं आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा डिप, असं निदान तीनदा. एकदाच बुडवून सोडून दिलेल्यांची तक्रार महिन्याने परत येते ती याच कारणाने. चपटा, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींचा गोल शंख दिसला तर तोही झोआ खातो, चिमट्याने काढून टाका.

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. तीन रात्री बसलो, एक किडा दिसला नाही. खरं तर काहीच दिसलं नाही, आणि तीच खूण होती. तेव्हा ती मला कळली नाही.

हात लावण्याआधी

हा परिच्छेद कृपा करून गाळू नका. झोआ आणि त्यांच्या भाऊबंदांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. हवाईतल्या अशाच एका प्राण्यातून १९७१ मध्ये ते वेगळं काढलं गेलं, आणि आजवर माहीत असलेल्या सर्वांत जहाल नैसर्गिक विषांत त्याची गणना होते. कोणत्या झोआत किती आहे ते डोळ्यांनी कळत नाही. कापताना चिळकांडी उडते, म्हणून चष्मा किंवा गॉगल हवाच. हातमोजे घाला, बोटाला चीर असेल तर काम पुढे ढकला. लहान मुलं, मांजर खोलीबाहेर. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये, जेवणाच्या भांड्यात हे काम कधीच करू नका. आणि झोआ असलेला दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकणं, त्यावर गरम पाणी ओतणं किंवा कोरडा घासणं तर अजिबात नको. वाफेतून किंवा धुळीतून विष श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं एकाच वेळी आजारी पडल्याच्या घटना जगभरात घडल्या आहेत. तोंडाला कडवट धातूची चव, ताप, धाप, छातीत जखडल्यासारखं, डोळे चुरचुरणं यातलं काही झालं तर थेट हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द लिहून द्या.

कापणं आणि बुडवणं

तीन मग घ्या, तिन्हींत टाकीचंच पाणी. पहिल्यात कापायचं, दुसऱ्यात औषध, तिसऱ्यात धुवायचं. पाणी टाकीचंच असल्यामुळे खारेपणा आणि तापमान जुळतं. तिन्ही मगांतलं पाणी शेवटी फेकून द्यायचं, एक थेंबही टाकीत परत नाही.

लेदरसाठी नवीन ब्लेड. जुनं ब्लेड मांस चुरडतं आणि चुरडलेलं मांस परत सडतं. काळपट भाग तर काढायचाच, पण तिथे थांबू नका. त्याच्यापुढे अर्धा सेंटिमीटर निरोगी भागातही जा. आतलं मांस पांढरंशुभ्र, घट्ट, ओल्या खोबऱ्यासारखं दिसलं की बरोबर जागी आलात. जीव खालावतो इतकं कापताना, मला माहीत आहे. पहिल्या वर्षी मी कडेकडेने कापलं आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच करावं लागलं.

मग आयोडीनचा डिप. ५ टक्क्यांच्या लुगोल्स सोल्युशनचे १ लिटर पाण्यात ५ ते १० थेंब, पाण्याला फिकट चहाचा रंग येईल इतपत. १० मिनिटं, मधूनमधून ड्रॉपरने पाणी खेळतं ठेवायचं. मग धुऊन परत टाकीत, मध्यम प्रवाहात आणि जरा कमी उजेडात. कापलेलं लेदर चिकट स्राव सोडतं, त्यामुळे सुपरग्लू धरत नाही. दगडाच्या तुकड्यावर ठेवून वरून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा सैलसर बांधा. दोन-तीन आठवड्यांत ते स्वतः धरतं. त्याच दिवशी सम्पमधला कार्बन बदला, कारण जखमी लेदर जी रसायनं पाण्यात सोडतं ती शेजारच्या कोरलांना त्रास देतात.

झोआंवर बुरशीसारखा थर किंवा केसाळ शेवाळ असेल तर मी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतो. ३ टक्क्यांचं १ भाग, टाकीचं पाणी १० भाग, ५ मिनिटं. मेडिकलमध्ये मागताना बाटलीवरचा आकडा वाचा. आपल्याकडे बहुतेक दुकानांत मिळतं ते ६ टक्क्यांचं, म्हणजे ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं. परदेशी सल्ले ३ टक्के धरून दिलेले असतात. तेच प्रमाण ६ टक्क्यांच्या बाटलीतून घेतलं तर डिप दुप्पट तीव्र होतो. त्या बाटलीचं १ भाग असेल तर पाणी २० भाग घ्या. बुडवल्याबरोबर मेलेल्या भागावर बारीक बुडबुड्यांचा फेस येतो. जिवंत देठ नुसता आकसतो. पाच मिनिटं म्हणजे पाचच, मोबाईलवर टायमर लावा.

प्रतिजैविकं मी वापरत नाही. अंदाजाने गोळी विरघळवून टाकणं कोरलला, टाकीतल्या उपयोगी जिवाणूंना आणि आपल्यालाही चांगलं नाही.

मश्रूम सुटून फिरत असेल तर दगडाच्या चुऱ्यावर, जाळी लावलेल्या वाटीत ठेवा. बस्स.

मग परत का येत होतं

पहिल्या वर्षी मी सगळा दोष उकाड्याला दिला, आणि तो पूर्ण चुकीचाही नव्हता. दुपारी टाकी ३०.५ अंशांवर जायची, पहाटे २८. रीफ टाकीला २५-२६ अंश मानवतात. एक छोटी कोळंबी कात टाकतानाच मेली, तेही उकाड्याच्या खात्यावर लिहिलं. पाणी थंड करणारा चिलर परवडणारा नव्हता, म्हणून दुसऱ्या उन्हाळ्याआधी पाण्यावर वारा मारणारे दोन पंखे बसवले. तापमान २७ वर आलं. मी निर्धास्त झालो.

आणि दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त झोआ गेले.

इथे माझी गाडी अडकली. तापमान सुधारलं होतं, तरी रोग वाढला. मग खारेपणा तपासला. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावला होता, तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावून पाहिला तर दोनने चुकत होता. तो दुरुस्त केला. अल्कलिनिटी ८ च्या आसपास, कॅल्शियम ४२०, नायट्रेट ५ ते १०, अमोनिया शून्य. आठवड्याला १५ लिटर पाणी न चुकता बदलत होतो. सगळे आकडे पुस्तकात असावेत तसे आणि समोर झोआ मिटलेले.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये गोगलगायी काचेवरून सुटून पडायला लागल्या. उलट्या पडलेल्या, पाय अर्धा बाहेर, सरळ केल्या तरी धरेनात. मासे मात्र ठणठणीत, खायला मागत होते.

ठाण्याला घोडबंदर रोडवर माझा एक मित्र राहतो, त्याची टाकी माझ्यापेक्षा जुनी. त्याला फोन करून मी नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं, तर त्याने मध्येच तोडलं. ‘मिटले कधी ते राहू दे. रोज टॉप-अप किती ओततोस? आणि कुठलं?’

टॉप-अप म्हणजे वाफ होऊन उडालेल्या पाण्याची भरपाई. मी म्हटलं, चार लिटर. घरच्या प्युरिफायरचं.

‘टीडीएस?’ म्हणजे त्या पाण्यात विरघळलेले क्षार किती.

‘सत्तर. नळाला याहून जास्त असतं.’

‘सत्तर आरओ मेंब्रेनमधून येणार नाही रे. त्यात काहीतरी परत मिसळलं जातंय. झाकण काढून बघ आत काय आहे.’

त्याच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, म्हणून त्याने पहिल्यापासून टाकीसाठी वेगळा फिल्टर लावलेला. मला मोरबे धरणाचं महापालिकेचं चांगलं पाणी, वर घरात प्युरिफायर, त्यामुळे पाण्यावर शंका घ्यावी असं कधी मनातच आलं नव्हतं.

प्युरिफायरचं झाकण काढलं. मेंब्रेनच्या पुढे दोन गोष्टी होत्या. एक छोटा स्क्रू, तो फिरवला की मेंब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं, चव यावी म्हणून. आणि त्याच्या शेवटी बोटभर जाडीची एक नळकांडी, तिच्यावर बारीक अक्षरात ‘कॉपर’. तीन वर्षांपूर्वी पाडव्याला हा प्युरिफायर घेतला तेव्हा तांब्याचं पाणी मिळतं म्हणून आई खूश झाली होती. मी ते ऐकलं होतं आणि टाकीशी त्याचा संबंध जोडला नव्हता. पहिला वाईट उन्हाळा त्याच पाडव्यानंतरचा.

४३ लिटर आत, १५ लिटर बाहेर

माणसांसाठी ते पाणी ठीकच आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत मुभा आहे. पण खुल्या समुद्राच्या पाण्यात तांबं असतं लिटरला ०.००१ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे पिण्याला उत्तम ठरलेलं पाणीसुद्धा कोरलच्या हिशेबाने पन्नास पट तांबट असू शकतं. कोळंबी, गोगलगाय, कोरल या पाठीचा कणा नसलेल्या जिवांना तांबं माशांपेक्षा कितीतरी आधी बाधतं. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं ते याच फरकावर, आणि म्हणूनच ते औषध कोरलच्या टाकीत कधी टाकायचं नसतं. मासे मजेत, गोगलगायी आडव्या, कोरल मिटलेलं ही जोडी दिसली की पहिला संशय धातूवर घ्यायचा.

आता उन्हाळ्याचं कोडं. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं हे आपण सगळे जाणतो, म्हणून टॉप-अप गोड्या पाण्याचं करतो. तांबंही मागेच राहतं. मे महिन्यात पंखे लावल्यावर माझ्या टाकीतून दिवसाला ४ लिटर उडायचं, आठवड्याला २८. त्यात बदलाचं १५ लिटर, तेही त्याच प्युरिफायरच्या पाण्यात मीठ कालवून केलेलं. म्हणजे आठवड्याला ४३ लिटरमधलं तांबं टाकीत यायचं आणि बाहेर जायचं ते फक्त बदललेल्या १५ लिटरमधलं. हे असंच चालू राहिलं तर टाकीतलं तांबं मूळ पाण्याच्या जवळजवळ तिप्पट होईपर्यंत चढत राहतं. जुलैत हवाच ओली, पंखा फिरूनही दिवसाला लिटर-सव्वा लिटरच उडतं. तेव्हा २२-२४ आत, १५ बाहेर, म्हणजे दीडपट. काही तांबं दगड-वाळूत मुरतं, काही कार्बन धरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी निघेल, पण चढ-उतार याच अंगाने होतो. पाऊस सरला, हवा कोरडी झाली, ऑक्टोबरचं ऊन आलं, की पुन्हा चढ.

दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा वाईट का गेलं तेही यातच आलं. पहिल्या वर्षी पंखे नव्हते, दिवसाला दोनच लिटर उडायचं. पंख्यांनी तापमान उतरवलं आणि टॉप-अप दुप्पट केला.

कागदावरचं गणित पटलं तरी खात्री हवी होती. तांब्याचं टेस्ट किट आणलं. प्युरिफायरच्या पाण्यात रंग चढला, नळाच्या पाण्यात नाही. टाकीच्या पाण्यात छटा इतकी फिकट की पांढऱ्या कागदावर नळी धरून, खिडकीपाशी नेऊन, बायकोला विचारून ठरवावं लागलं. छंदाच्या किटची धाव तेवढीच असते. किट शून्य दाखवतंय म्हणून तांबं नाहीच असं समजू नका. ज्या पाण्याचा संशय आहे ते मूळ पाणी तपासा, तिथे रंग ठळक येतो. टीडीएस मीटर इथे काही सांगत नाही, ते सगळे क्षार एकत्र मोजतं.

दुसरी खात्री मला जास्त पटली. मिटलेल्या झोआंचा एक छोटा फ्रॅग थर्मासमध्ये टाकीच्या पाण्यात घातला आणि नेरुळहून ठाण्याची लोकल पकडली. मित्राच्या टाकीत तापमान २७, प्रकाश जवळपास माझ्यासारखाच, मीठही तेच. चौथ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. अकरा पॉलिपांपैकी आठ उघडले होते, हिरवी झालर पूर्ण पसरलेली. माझ्याकडचे त्यांचे भाऊ तेव्हाही मिटलेलेच होते.

तांबं काढताना

पहिलं काम, येणं बंद. टाकीसाठी वेगळी आरओ-डीआय लाइन घेतली. गाळाची कार्ट्रिज, कार्बन, मेंब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार धरणारे दाणे). ती प्युरिफायरच्या मागे जोडायची नाही, थेट नळाच्या पाण्यावर जोडायची. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ० हवा. १-२ दिसायला लागला किंवा रेझिनचा रंग बदलत वरपर्यंत आला की रेझिन बदला. पावसाळ्यात नळाला गढूळपणा वाढतो, तेव्हा गाळाची कार्ट्रिज लवकर तपकिरी होते. ती वेळेवर बदलली तर पुढचं सगळं जास्त टिकतं. पाणी साठवायला प्लास्टिकचा खाण्याच्या प्रतीचा ड्रम. तांब्याची कळशी, पितळी कॉक, पितळी जोड या वाटेत कुठेही नको. आमच्याकडे मी गावी गेलो की आई टॉप-अप करते, आणि पाणी पवित्र म्हणून ती तांब्याच्या घागरीतून ओतायची. तिला कारण समजावून सांगितल्यावर तिनेच निळी बादली बाजूला काढून तिच्यावर ‘माशांची’ असं लिहून ठेवलं.

दुसरं, आतलं काढणं. नव्या पाण्याने आठवड्यातून दोनदा १५-१५ लिटर बदल, सहा आठवडे. एकदम अर्धी टाकी बदलू नका, आधीच दमलेल्या कोरलला तो धक्का झेपत नाही. सोबत ताजा कार्बन आणि खास तांबं धरणारं रेझिन सम्पमध्ये. तांबं शोषलं की निळसर पडणारे पॅडही मिळतात. माझा पॅड आठ दिवसांत कडेने निळा झाला आणि मनातली उरलीसुरली शंकाही गेली. दगडात मुरलेलं तांबं हळूहळू परत पाण्यात उतरत राहतं, म्हणून किट शून्यावर आलं तरी रेझिन लगेच काढू नका. मी तीन महिने ठेवलं.

या काळात नवीन कोरल आणू नका. आधी दोन गोगलगायी सोडा. त्या पंधरा दिवस काचेवर व्यवस्थित फिरल्या, रात्री शेवाळ खाताना दिसल्या, मग पुढचा विचार.

जखमेचा उपचार याच काळात चालू ठेवायचा. फरक लगेच जाणवतो. आधीच्या वर्षी कापलेल्या जागी आठव्या दिवशी पुन्हा काळं दिसायचं. या वेळी दहाव्या दिवशी कड गुंडाळून बंद झाली होती आणि तिसऱ्या आठवड्यात तिथे टाचणीच्या टोकाएवढे नवे पॉलिप होते.

तांबं नसेल तर

तुमचा महिना कोणता ते बघा. जून ते सप्टेंबरमध्येच त्रास होत असेल तर डासांच्या धुराकडे लक्ष द्या. महापालिकेची फवारणीची गाडी सोसायटीत आली की खिडक्या बंद करा, एअर पंप बंद करा. डासांच्या औषधांतले पायरेथ्रॉइड माशांना आणि कोळंबीवर्गाला अतिशय घातक असतात आणि एअर पंप ती हवा थेट पाण्यात ढकलतो. टाकीच्या खोलीत घरातलं लिक्विड मशिनही नको, स्वयंपाकघरात झुरळांची फवारणी करून घेताना तर नकोच. दिवाळीच्या आधी होत असेल तर रंगकाम. बिल्डिंगची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतात त्या दिवसाचं पाणी भरू नका, आणि कार्बन कार्ट्रिज जुनी झाली असेल तर बदला.

एसी असलेल्या खोलीत टाकी असेल तर रात्री २४ आणि दुपारी २९ असा रोजचा झोका बसतो. तो स्थिर २७ पेक्षा वाईट. एसीच्या खोलीत सगळं बंद असल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो, दिवसातून दोनदा खिडकी उघडली तरी फरक पडतो.

आणि वहीत टॉप-अपचा रकाना घाला. किती लिटर, कुठलं पाणी, एवढंच. माझ्या वहीत तीन वर्षांचं तापमान होतं, खारेपणा होता, कोणत्या दिवशी कोणता डिप दिला ते होतं. ओतलेल्या पाण्याची एकही नोंद नव्हती.

या मे महिन्यात दोन्ही पंखे दिवसभर चालू आहेत आणि निळ्या बादलीतून रोज चार लिटर जातंय, टीडीएस ०. मित्राकडचा फ्रॅग परत आला तेव्हा अकरा पॉलिप होते, काल मोजले तर सत्तावीस. रात्री लाल टॉर्च घेऊन बसलो होतो. काचेच्या खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढे ॲम्फिपॉड, म्हणजे कोळंबीचे बारीक भाऊबंद, इकडून तिकडे पळत होते. तीन वर्षं तो कोपरा मी रिकामा पाहत आलो होतो.